मच्छिंद्रच्या विमानाचा नारळ

आमच्या तमाशाच्या फडात एक विमान होतं. प्लायवूडचं, सोनेरी कागद चिकटवलेलं, पोटाखाली लाल-निळ्या दिव्यांची माळ. वगात इंद्रदेव पृथ्वीवर यायला निघाले की ते कप्पीवरून हलत-डुलत खाली यायचं आणि पब्लिक टोप्या उडवायचं. इंद्राचं काम करणाऱ्याला वाटायचं, शिट्ट्या आपल्याला आहेत. मी अप्सरा होऊन शेजारी बसायचे, मला वाटायचं मला आहेत. खरं म्हणजे त्या शिट्ट्या ज्याच्या होत्या, तो विंगेत एका हाताने दोर आणि दुसऱ्या हाताने दिव्यांची बटणं सांभाळत उभा असायचा. त्याचं नाव मच्छिंद्र.

त्या विमानात फडातला प्रत्येक जण कधी ना कधी बसून घ्यायचा. आमचा आचारीसुद्धा बसला, कढईएवढ्या ढेरीसकट. मच्छिंद्र कधी बसला नाही. मी म्हणायचे, "बस की रे एकदा, हौस म्हणून." तो म्हणायचा, "बाई, मी बसल्यावर दोर कोण धरील?"

मच्छिंद्र आण्याच्या पठारावरचा. आळेफाट्यावरून पूर्वेला घाट चढलं की जे उघडं, वाऱ्याचं, कुसळांचं माळरान लागतं, तिथला धनगर. त्याचा बाप भिमा दिवाळी उलटली की मेंढरं घेऊन कोकणात उतरायचा. घोड्यावर संसार, संसाराच्या वर पोर. आता यातली गंमत ऐका. घोड्यावर सामानाच्या ढिगावर बांधलेलं पोर उताणं पडलेलं असतं. त्याला रस्ता दिसत नाही, आभाळ दिसतं. मच्छिंद्रने आळे, ओतूर, माळशेजचा घाट, खालचं कोकण, ही सगळी वाट बापाबरोबर लहानपणी पार केली आणि त्यातलं काही पाहिलं नाही. त्याने विमानं पाहिली. एकदा भिमाने वर बघत त्याला विचारलं होतं, "मच्छ्या, त्यातल्या माणसाला आपली वाट कशी दिसत असल रं?" पोराला काय ठाऊक. पुढे पायात बळ आलं तेव्हा गावच्या यात्रेत आमच्या फडाचा जनरेटर त्याने पाहिला, आणि मेंढरं बापाकडे सोडून तो आमच्या ट्रकमागे आला. भिमा ती वाट एकटाच चालत राहिला आणि एका वर्षी चालता चालताच गेला.

मी हे सांगते आहे कारण मच्छिंद्रने आयुष्यात जी एकच गोष्ट स्वतःसाठी मागितली, ती बापाच्या त्या प्रश्नातून आली होती.

फड बंद पडला तसा तो आण्याला परत गेला. बायको सुंदरा, थोडी मेंढरं, थोडी जिरायत जमीन, आणि लग्नकार्यात लाइटिंग लावायचा जोडधंदा. मुलगी दिशा शिकून पुण्यात नोकरीला लागली. मी नारायणगावात राहते. गावात आला की तो माझ्याकडे चहाला थांबायचा. असाच एकदा आला, बोलता बोलता चहाची कपबशी त्याने टेबलावर ठेवली, म्हणजे टेबलाच्या बाजूला हवेत ठेवली. ती फुटली. तो तुकड्यांकडे बघत हसला.

"बाई, तुमाला सांगितलं न्हाई. काचबिंदू झालाय. कडंचं सगळं गेलं."

"म्हणजे कसं दिसतं रे?"

"आता तुमालाच सांगतो, तुमाला कळंल. फ्लड बंद झालाय, बाई. नुसता स्पॉट उरलाय. जिथं मारीन तेवढंच. तुमचं तोंड दिसतंय, पण हात दिसंना."

डॉक्टरांनी त्याला सरळ सांगितलं होतं: गेलेलं येणार नाही, उरलेलं औषधाने जमेल तितकं धरू, आणि हा उरलेला ठिपका हळूहळू विझेल की एकदम, ते कुणी सांगू शकत नाही.

दिशा भली पोर. बापाची हौस तिला माहीत होती. तिने त्याला खऱ्या विमानात बसवलं, पुण्याहून गोव्याला. मच्छिंद्र खिडकीला नाक लावून बसला. खाली पंख दिसला, पंखाखाली ढग. आणि विमान गेलं दक्षिणेला. आणे उत्तरेला! परत आल्यावर म्हणाला, "बाई, एसटी असती तर कंडक्टरला सांगून उतरलो असतो."

मग दिशानेच मोबाईलवर त्याला दाखवलं. घरात बसून विमान चालवायचा कॉम्प्युटर. खेळच, पण आतली जमीन खरी, उपग्रहाच्या फोटोंवरून केलेली. डोंगर खरे, पाणी खरं, रस्ते खरे. मच्छिंद्रने एवढंच विचारलं, "आणं दिसंल?"

"दिसंल, आबा."

"माळशेजची वाट?"

"सगळी दिसंल. हवं तेवढं खाली जाऊन बघा."

झालं. त्या दिवसापासून मच्छिंद्रची आणि त्या ठिपक्याची शर्यत लागली.

आळेफाट्यावर आदेशचं दुकान आहे. बिबट्यांसाठी गोठ्यावर कॅमेरे लावून देणं आणि पतसंस्थांना कॉम्प्युटर पुरवणं हा त्याचा धंदा. मीच त्याला बोट धरून नेलं म्हणा ना, कारण फाट्यावरचा रस्ता त्याला आता एकट्याने ओलांडता येत नव्हता. आदेश म्हणाला, "काका, तयार कॉम्प्युटर घेऊन जावा. एवढी झंझट कशाला?"

"तयार नको," मच्छिंद्र म्हणाला. "फडात आमी तयार काय आणलं न्हाई कधी. कर्णा एकाकडचा, मशीन दुसऱ्याकडचं. एकेक दाव."

आदेशने विचारलं, कशापासून सुरू करायचं? पोरं ग्राफिक कार्डापासून सुरू करतात म्हणे, म्हणजे चित्र काढणारा जो भाग असतो त्यापासून. मच्छिंद्रने सुरुवात केली पॉवर सप्लायपासून. "आधी जनरेटर. जनरेटर बसला तर राजाबी अंधारात अन् भिकारीबी अंधारात." आणि त्याने तो गरजेपेक्षा दणकट घेतला, भार वाढला तर स्वतः आधी बंद पडून बाकीच्यांना वाचवणारा.

मग प्रोसेसर आणि कार्ड. इथे आदेशनेच त्याला त्याच्या भाषेत सांगितलं. "काका, ही बैलाची जोड हाय. एक ताकदीचा अन् दुसरा लुळा असला तर गाडा घाटात तिरका व्हतो. आन् विमानाच्या खेळाला डोकं लागतं जास्त, नुसता रंग न्हाई. प्रोसेसर चांगला घ्या. आन् ज्याच्यात थोडं चित्र काढायचं कसब स्वतःचंबी हाय असा घ्या. कार्ड कधी आजारी पडलं तर पडदा तरी लागंल." मच्छिंद्रने दोन्ही तोलामोलाची निवडली. मेमरी भरपूर घेतली. ती कशाला, तर आदेश म्हणाला, कोठीतला माल ओसरीवर काढून ठेवायला. ओसरी लहान असली की विमान पुढे जातं आणि डोंगर मागाहून येतात.

पडद्याच्या वेळी आदेशने भिंतभर, कमानीसारखा वाकलेला पडदा लावून दाखवला. त्यावर समुद्र होता. मच्छिंद्र त्याच्या समोर उभा राहिला आणि मान डावीकडून उजवीकडे फिरवत राहिला, कुंपणाच्या भोकातून शेत बघावं तसा. "बारका दे," तो म्हणाला. आदेशला वाटलं, काका चिकट आहेत. तो हसला. मच्छिंद्रने त्याला हसू दिलं.

राहिला कॅबिनेट, म्हणजे हे सगळं ज्यात बसवायचं तो डबा. आदेशचा आग्रह चारी बाजूंनी काच असलेल्या, आत रंगीत दिवे फिरणाऱ्या डब्याचा. मच्छिंद्र म्हणाला, "दिवे मी जल्मभर लावले, बाळा. दिवा दुसऱ्यावर पडाया असतो, सोतावर न्हाई." आणि कोपऱ्यातला एक साधा, लोखंडी, माथ्यावर नुसती जाळी असलेला डबा त्याने काढायला लावला. आदेशने पंखा चालू केला. मच्छिंद्रने जाळीवर तळहात धरला. वर येणारी ऊब त्याला लागली. पठारावरचा उन्हाळा, पत्र्याचं घर. "याचं तोंड उघडं हाय," तो म्हणाला. "हा श्वास घेतो. हाच."

निवड बरोबर होती. आदेशही म्हणाला, बरोबर आहे. ही गोष्ट ध्यानात ठेवा.

त्या पैशापायी मेंढरं विकली गेली. सुंदराने कुणी न मागता तिच्या शेळ्या काढल्या. बोलायला मात्र ती कमी नाही. खोकी घरात आली तेव्हा मला म्हणाली, "चार पायांची गेली, बाई, आन् हे बिनपायाचं आलं. याला पाला काय घालायचा तेवढं विचारा." पण त्याच संध्याकाळी तिने त्या डब्यावर स्वतःचं धडकं लुगडं पांघरलं, धूळ बसू नये म्हणून.

आता गोरख. आण्यातलं जुनं, जमिनीचं घर. गावच्या यात्रेत नारळाचा मान त्याच्या घराण्याचा, बैलगाडा शर्यतीच्या घाटात माईक त्याच्या हातात. माणूस हजरजबाबी, फडात असता तर नाव काढलं असतं. पण विनोदाला समोर कुणीतरी लागतं, आणि गोरखला मच्छिंद्र सापडला होता. स्टँडवरच्या हॉटेलात तो आला की गोरख ओरडायचा, "सरका रं, सरका! पायलट आला, धावपट्टी मोकळी करा!" आणि लोक खरंच बाकं सरकवायचे. कडेचं दिसत नसल्यामुळे मच्छिंद्र त्या सरकवलेल्या बाकांना अडखळायचा. मग अजून हशा.

"पायलट, आमच्या कांद्यावर वरून फवारणी मारता का?"

"मारीन की, अण्णा."

"पण डोळ्याचं ऐकलं ते खरं काय? मग डोंगराला घासू नका हां! आंधळ्याच्या हातात विमान, आन् खाली आमची पोरंबाळं!"

मच्छिंद्रही हसायचा. फडात वाढलेला माणूस, हशा आला की त्याला वाटायचं खेळ रंगतो आहे.

मशीन सुरू करायचा दिवस ठरला तो शिमग्यानंतरचा. मी सकाळच्या एसटीने गेले. स्टँडवर उतरले तर चौकात फ्लेक्स. त्यावर पायलटचा पांढरा गणवेश, खांद्यावर सोनेरी पट्ट्या, आणि त्या गणवेशावर मच्छिंद्रचं मुंडासं बांधलेलं डोकं चिकटवलेलं. मागे विमान, विमानाच्या खिडक्यांतून मेंढरं डोकावताहेत. 'आण्याचे भूमिपुत्र, घरबसल्या पायलट मच्छिंद्रशेठ यांच्या पहिल्या उड्डाणास हार्दिक शुभेच्छा.' खाली समस्त मित्रमंडळ आणि सगळ्यात मोठा फोटो गोरखचा.

मच्छिंद्र फ्लेक्सच्या अगदी जवळ उभा होता. त्याचा स्पॉट जेवढा पडत होता तेवढ्यात त्याला स्वतःचं तोंड दिसत होतं आणि 'हार्दिक शुभेच्छा' दिसत होतं. गणवेश दिसत नव्हता, मेंढरं दिसत नव्हती. "फोटो बरा आलाय, न्हाई बाई?"

मी त्याला बाजूला घेतलं आणि सगळं सांगितलं. काय चिकटवलंय, कुठून काय डोकावतंय, सगळं. तो म्हणाला, "थट्टा तर थट्टा. पण बाई, ते घरी येणार हायेत. गोरखअण्णा आजवर आमच्या उंबऱ्याच्या आत आलेले न्हाईत. कुठल्याबी निमित्तानं येऊ द्या."

आले. हलगी वाजवत आले. त्या पत्र्याच्या खोलीत मावेनात इतके आले. उरलेले दारात आणि खिडकीत. मच्छिंद्रला फेटा बांधला, हार घातला, हातात कुणीतरी लहान पोराचं खेळण्यातलं विमान दिलं. सुंदराने सगळ्यांना चहा केला. आदेश कोपऱ्यात उभा होता. तो गोरखचा सख्खा पुतण्या, हे मला तेव्हा कळलं.

मशीन सुरू झालं होतं. पडद्यावर पुण्याची धावपट्टी. तिच्या टोकाला एक लहान पांढरं विमान पंखा फिरवत उभं. आणि मंडळी, एक गोष्ट सांगते: पडद्यावर ती धावपट्टी आली तेव्हा खोलीतला गलका थांबला. खरी होती ती. गवत खरं, दूरचे डोंगर खरे. हसायला आलेली माणसं पुढे वाकून बघायला लागली. एवढ्या वर्षांत मी हे किती वेळा पाहिलंय. पब्लिक टवाळी करायला येतं आणि पहिल्या गणाला गप्प होतं. मच्छिंद्रने विमान चालवायची दांडी हातात घेतली. त्याला तोंडपाठ होतं सगळं. उत्तरेला निघायचं. मंचर. डावीकडे लांब भीमाशंकरचे डोंगर. मग येडगावच्या धरणाचं पाणी, खोडदच्या दुर्बिणीच्या तबकड्या, तिथून उजवीकडे वळलं की आणे. आण्यावर एक फेरी. मग तोंड पश्चिमेला करून बापाची वाट.

गप्प झालेलं पब्लिक गोरखला चालणार नव्हतं.

"थांब, थांब, थांब! मच्छिंद्रा, नारळ?"

मच्छिंद्रची दांडी हातातच राहिली. "फोडू की, अण्णा. तुमच्याच हातानं. उंबऱ्यावर फोडा."

"उंबऱ्यावर?" गोरख लोकांकडे वळला. "ट्रॅक्टर आणला तर नारळ कुठं फोडतो आपण? उंबऱ्यावर का चाकावर?"

"चाकावर!"

"मोटार बसवली तर?"

"मोटारीवर!"

"रत्नाबाई, तुमी सांगा. फडात जनरेटरला नारळ कुठं फोडायचा हा?"

मी म्हणाले, "गोरखशेठ, जनरेटर बिडाचा होता. हे वेगळं आहे. पाणी आत जाईल."

"देवाचं पाणी हाय, बाई. देवाच्या पाण्यानं कधी वाईट झालंय?"

कोपऱ्यातून आदेश म्हणाला, "काका, वरून जाळी—" गोरखने त्याच्याकडे नुसतं पाहिलं. आदेशने जमिनीकडे पाहिलं.

आता हे पुण्या-मुंबईच्या वाचकाला कदाचित कळायचं नाही, की मच्छिंद्र नको का म्हणाला नाही. मशीन त्याचं, घर त्याचं. पण मानकऱ्याच्या हातातला नारळ नाकारायचा म्हणजे काय, ते गावात राहून बघा. त्यातून पहिल्यांदा उंबऱ्याच्या आत आलेल्या मानकऱ्याचा. मच्छिंद्रचे ओठ हलले. पण फेटा बांधलेलं ते डोकं नकारार्थी हललं नाही.

पहिल्या तडाख्याला डब्याला पोचा आला, नारळ शाबूत. "जेवला न्हाई का अण्णा?" दारातून कुणी ओरडलं. दुसऱ्या तडाख्याला फुटला. पाणी सगळंच्या सगळं त्या जाळीतून, त्याने तळहात धरून निवडलेल्या त्या उघड्या तोंडातून, आत गेलं. चर्रर्र झालं. गोड, जळका वास आला आणि पडदा काळा झाला.

मग खिडकीतून एक आवाज आला, "पडलं रं विमान!" आणि जो हशा उठला, तो मी माझ्या उभ्या आयुष्यात, भरलेल्या तंबूतसुद्धा ऐकला नाही. बाहेरच्यांना आतलं काही ठाऊक नव्हतं. त्यांनी हलगी वाढवली.

मच्छिंद्र पडद्याकडे बघत होता. त्याने माझा हात चाचपून धरला आणि हळूच विचारलं, "बाई, लाइट गेली का माझं गेलं?"

मी वर पाहिलं. पंखा फिरत होता, ट्यूब जळत होती. "मशीन गेलं रे."

"मशीन का," तो म्हणाला, आणि त्याने श्वास सोडला. "मग हरकत न्हाई."

सुंदरा पुढे आली. गोरखच्या हातातली भकलं तिने घेतली, खोबरं सोडवलं, त्यात गूळ घातला, आणि खोलीतल्या, दारातल्या, खिडकीतल्या प्रत्येकाच्या हातावर एकेक तुकडा ठेवला. नारळ फुटला की प्रसाद वाटायचाच असतो, आणि हातावर आलेला प्रसाद टाकता येत नाही. हसणारी तोंडं चावायला लागली. ती कुणालाही काही बोलली नाही. फक्त प्रत्येकाचा तुकडा तोंडात जाईपर्यंत त्याच्यासमोर उभी राहिली. गोरखचा घास जरा रेंगाळला. पण गिळलाच त्याने. "माल कच्चा हाय कंपनीचा," जाताना म्हणाला. "आमच्या ट्रॅक्टरला इतके नारळ फोडले, कधी बंद पडला न्हाई."

दुसऱ्या दिवशी आदेश एकटाच आला, मान खाली घालून. त्याने डबा उघडला. पॉवर सप्लाय वेळेत बंद पडला होता, त्यामुळे बाकीचं वाचलं होतं. कार्ड मात्र गेलं. कंपनीने ते परत पाठवलं: आत पाणी गेलंय, भरपाई नाही. नव्या कार्डासाठी विकायला गोठ्यात आता काही उरलं नव्हतं. दिशा म्हणाली, मी घेते, पगार झाला की घेते. मच्छिंद्र तिला म्हणाला, घे, सावकाश घे. डॉक्टर काय म्हणाले होते ते त्याने पोरीला पूर्ण सांगितलं नव्हतं, हे मला माहीत होतं.

आदेशने प्रोसेसरच्या स्वतःच्या कसबावर मशीन चालू करून दिलं. "उडंल, काका. पण बसत-उठत उडंल."

मी परत गेले ती चैत्रात. दुपार होती. मच्छिंद्रने मला शेजारी बसवलं, फडातल्या विमानात बसवायचा तसं. "आज अप्सरेनं वाट वाचायची. मी काटे बघतो. दोन्ही एकदम माझ्या स्पॉटमधी मावत न्हाई."

विमान उठलं. चित्र धक्क्याधक्क्याने बदलत होतं, जत्रेतल्या चित्रपेटीसारखं. पठारावर इंटरनेटही मरतुकडं. आदेश म्हणाला होता, खरे फोटो तिकडून येतात, नाही आले तर मशीन मनाने रंग भरतं. ते मनाने भरत होतं. मंचर म्हणून जे खाली आलं ते हिरवं होतं. पुढे निळसर डाग आला, मी म्हणाले, येडगावचं पाणी. तो खूश झाला. तबकड्या दिसल्या नाहीत. मी म्हणाले, दिसल्या. त्याने उजवीकडे वळवलं.

"बाई, आलं का आणं?"

खाली होतं हिरवं. घर नाही, देऊळ नाही, ओढा नाही. मी पदर सावरला आणि सुरू केलं. "आलं बघ मच्छिंद्र! तो बघ देवळाचा कळस उन्हात चमकतोय. तो ओढा, त्याच्या काठाने बाभळी. आणि ती बघ वाघर लावलेली, आत मेंढरं, मुंग्यांसारखी—"

"बाई."

"काय रे?"

"तुमचा आवाज विंगेपर्यंत यायला लागला."

या माणसाने वर्षानुवर्षं विंगेत उभं राहून माझा आवाज ऐकला होता.

"खरं सांगा. काय दिसतंय?"

"हिरवं," मी म्हणाले. "नुसतं हिरवं, मच्छिंद्र."

सुंदरा भाकरी थापत होती. ती पिठाचे हात घेऊन उठली, पडद्यापाशी आली, वाकून बघितलं. "हिरवं? चैतात? आन् आणं?" ती म्हणाली. "हे आपलं न्हाई. दुसऱ्या कुणाचं तरी गाव हाय." आणि परत चुलीपाशी जाऊन बसली.

विमान हिरव्यावरून बसत-उठत चाललं होतं. मच्छिंद्रने तोंड पश्चिमेला वळवलं. "वाट दिसती का, बाई? बारीक, पांढरी? घाटाकडं जाणारी?"

"नाही रे."

"बरं."

"उतरवतोस का आता? भाकरी झालीय."

"उतरायला पट्टी दिसाया लागती. चढायचं पाठ व्हतं, ते पाठ केलं. उतरायचं डोळ्यांनीच असतं." तो थोडं हसला. "कार्ड आलं की शिकणार व्हतो."

सुंदराने ताटं मांडली. लांब शर्यतीच्या घाटातून गोरखचा माईक ऐकू येत होता. बैलगाड्यांची तयारी चालली असावी. मच्छिंद्र पडद्याला नाक टेकेल इतका पुढे वाकला. मग मागे झाला. डोळे मिटले, उघडले. परत मिटले, परत उघडले.

"बाई," तो म्हणाला, "लाइट गेली का?"

मी वर पाहिलं. पंखा फिरत होता. पडद्यावर विमान उडत होतं, खाली हिरवं सरकत होतं. सुंदराचा हात ताटावर थांबला. मी तोंड उघडलं आणि मला माझा स्टेजवरचा आवाज घशाशी आलेला कळला. तो मी गिळला.

"नाही रे," मी म्हणाले. "लाइट आहे."

त्याने मान हलवली. दांडीवरचा हात काढला नाही. उलट दुसरा हातही त्यावर ठेवला.

"मग धरून ठेवतो," तो म्हणाला. "पुढं डोंगर आला की सांगा."